बेळगाव स्टेशन: रूळ कशासाठी आले आणि आज त्यांचा उपयोग कसा करावा

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव चंदगड तालुक्यात, बेळगावच्या अंगाला. आम्हाला रेल्वे म्हणजे बेळगावच. हे स्टेशन कधी आणि कशासाठी झालं? पूर्वी मुंबईला जाताना मिरजेला गाडी बदलावी लागायची असं आजोबा सांगतात, ते का? आणि आता सत्तरीतल्या आई-वडिलांना पुणे, मुंबई किंवा बंगळूरला न्यायचं झालं तर या स्टेशनचा नीट उपयोग कसा करून घ्यावा?"

माझी सगळी नोकरी लोंढा ते मिरज या पट्ट्यात स्टेशन मास्तर म्हणून गेली. त्यामुळे कागदावरचा इतिहास आणि प्रत्यक्ष चालवलेल्या गाड्या, दोन्हींच्या आधारे सांगतो. एक गोष्ट आधी लक्षात घ्या, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यातून निघतात. बेळगाव हे मधलं स्टेशन आहे. हा रेल्वेमार्ग बेळगावसाठी म्हणून आखलेला नव्हता. तो पुण्याला लोंढ्याशी आणि लोंढ्यामार्गे मुरगाव बंदराशी जोडण्यासाठी होता. बेळगाव वाटेत लागलं. शहर मोठं, छावणी महत्त्वाची, म्हणून स्टेशनही मोठं झालं. पण गाडी कुठून तरी येते, इथे थोडी थांबते आणि पुढे जाते, हा या स्टेशनचा जन्मापासूनचा स्वभाव. आज तुम्हाला तिकीट का मिळत नाही, याचंही निम्मं कारण तेच आहे.

रेल्वे येण्याआधी बेळगावचं बंदर होतं वेंगुर्ला. छावणीतल्या गोऱ्या पलटणींचं सामान वेंगुर्ल्याला उतरायचं आणि घाट चढून वर यायचं. उलट दिशेने धारवाडकडचा कापूस आणि धान्य बैलगाड्यांतून खाली जायचं. आधी राम घाट आणि मग आंबोलीचा रस्ता, हा त्या व्यापाराचा कणा. तुमच्या तालुक्यातून जाणारा बेळगाव–वेंगुर्ला रस्ता, हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा असा जो आज एसटीने आपण पार करतो, तो त्या बैलगाड्यांचाच वारसा. पावसाळ्यात हा सगळा व्यवहार जवळजवळ ठप्प व्हायचा, कारण घाटही बंद आणि समुद्रही बंद.

मग 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ आला. बेळगाव, धारवाड आणि त्या वेळचा कलादगी जिल्हा, म्हणजे आजचा बागलकोट-विजापूरचा भाग, यांत माणसं हजारोंनी मेली. धान्य दुसरीकडे होतं, पण बैलगाडीने ते वेळेत पोहोचत नव्हतं. बैलांना वाटेत चारा नाही, पाणी नाही. दुष्काळ आयोगाने रेल्वेवर भर दिला, आणि 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. तिचा होटगी ते गदग हा पहिला मार्ग दुष्काळी मुलखातूनच काढलेला आहे. म्हणून मी नेहमी सांगतो, या भागातली रेल्वे साहेबाने केवळ लूट न्यायला आणली असं म्हणणं अर्धवट आहे. लष्कराची सोय होती, कापसाची निर्यात होती, आणि दुष्काळाचा धडाही होता. तिन्ही कारणं खरी.

दुसरा धागा गोव्याचा. 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि मुरगाव बंदरापासून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे आणायचं ठरलं. त्या मार्गाची कंपनी वेगळी, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. हद्दीवरचं स्टेशन म्हणजे कॅसलरॉक. घाटातली लाइन 1888 मध्ये पुरी झाली. इकडे सदर्न मराठाने पुण्याकडून आणि लोंढ्याकडून काम चालवलं होतं. 1887 च्या सुमारास बेळगावला गाडी लागली आणि नंतरच्या तीन-चार वर्षांत पुणे ते लोंढा सलग मार्ग झाला. कोल्हापूर संस्थानाने मिरजेपर्यंत स्वतःचा फाटा टाकला, तो 1891 मध्ये सुरू झाला. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर 1892 मध्ये कोल्हापूरहून बेळगावला आले, इथे काही दिवस राहिले आणि इथूनच रेल्वेने गोव्याला गेले. म्हणजे लाइन सुरू होऊन पाच-सहा वर्षं होतात न होतात तोच कोल्हापूर, बेळगाव, मडगाव हा प्रवास माणसांच्या अंगवळणी पडला होता. वेंगुर्ल्याचा व्यापार मात्र बसला तो बसलाच.

इथे निपाणी, संकेश्वर, हुक्केरीकडची माणसं हमखास विचारतात की आमच्याकडे रेल्वे का नाही. पुणे–बंगळूर हायवे निपाणीवरून सरळ बेळगावला येतो. रेल्वे मात्र मिरजेहून पूर्वेकडे वळसा घेते: शेडबाळ, उगार, कुडची, चिंचली, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड, पाच्छापूर, सुळेभावी, सांबरा आणि मग बेळगाव. उगार आणि कुडचीच्या मध्ये कृष्णा ओलांडायची, पुढे घटप्रभा ओलांडायची. गोकाकची सूतगिरणीही त्याच काळातली, 1887 ची, धबधब्याच्या पाण्यावर चालणारी. एकदा रूळ पडले की शंभर-दीडशे वर्षं हलत नाहीत, आणि ज्या गावांना ते चुकले ती गावं आजही स्टेशनला जायला बस शोधतात. चिकोडी रोड किंवा गोकाक रोड या नावाचं तिकीट काढणाऱ्या नवख्याला मी आवर्जून सांगतो की गाव स्टेशनापासून चांगलंच लांब आहे, रात्रीच्या गाडीने तिथे उतरू नका. चिंचलीला मात्र गाव जवळ. मायाक्काच्या जत्रेला सांगली-कोल्हापूरकडून येणाऱ्या भाविकांनी गाड्या नुसत्या ओसंडून वाहतात.

आता आजोबांच्या मिरजेचं. आजोबा बरोबर सांगतात. मुंबई–पुणे मार्ग ब्रॉडगेजचा, दोन रुळांतलं अंतर 1676 मिलिमीटर. सदर्न मराठाचा मार्ग मीटरगेजचा, अंतर 1000 मिलिमीटर. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालूच शकत नाही. म्हणून सुरुवातीला बेळगावहून मुंबईला जाणारा माणूस पुण्याला उतरायचा आणि दुसऱ्या गाडीत बसायचा. 1971 मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, आणि गाडी बदलण्याची जागा पुण्याहून मिरजेला सरकली. पुढची वीस-पंचवीस वर्षं दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांच्यामधला उंबरठा म्हणजे मिरज. त्यातही तिथे कुर्डुवाडीकडची नॅरोगेज येऊन मिळत होती, म्हणजे एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ.

बेळगावची मीटरगेज गाडी मिरजेत शिरली की डबा थांबायच्या आधीच हमाल पायऱ्यांवर चढलेले असत. बायका, पोरं, ट्रंका, वळकट्या घेऊन लोक पलीकडच्या प्लॅटफॉर्मकडे पळत. मुंबईच्या गाडीचं रिझर्वेशन असलं तरी जीव टांगणीला, कारण आपली गाडी लेट झाली तर जोडगाडी किती थांबणार? कंट्रोलशी, म्हणजे गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्या ऑफिसशी, फोनवर भांडून दहा मिनिटं मिळवायची, हे आम्हा लोकांचं रोजचं काम. मालाचं तर विचारूच नका. प्रत्येक पोतं एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, काढून दुसरीत टाकायचं. त्यात फूट, चोरी, पावसात भिजणं, आणि वेळ जायचा तो वेगळाच. बेळगावच्या कारखानदारांनी ट्रकचा रस्ता धरला तो याच काळात, आणि गेज बदलल्यावरही ते पूर्णपणे परत आले नाहीत.

मीटरगेजच्या दिवसांत गाडी चालायची कशी, हेही थोडं सांगतो, कारण नव्या पिढीने ते पाहिलेलं नाही. एकेरी लाइन. समजा बेळगावहून देसूरकडे गाडी सोडायची आहे. मी ब्लॉकच्या यंत्रावर घंटा देऊन देसूरच्या मास्तरांकडे लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायची. त्यांनी दिली की माझ्या यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा, मुठीत मावेल एवढा, जड, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं. तो वाचून पाहायचा, चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. न थांबणारी गाडी असेल तर पॉइंट्समन प्लॅटफॉर्मच्या कडेला कडं उंच धरून उभा राहायचा आणि ड्रायव्हर किंवा फायरमन चालत्या इंजिनातून हात घालून ते दंडात अडकवून घ्यायचा, मागच्या खंडाचं, म्हणजे मागच्या दोन स्टेशनांमधल्या लाइनचं, कडं त्याच वेळी खाली टाकायचा. रात्री पॉइंट्समनच्या हातात मशाल असायची. तो गोळा ड्रायव्हरकडे असला तरच त्याला त्या खंडात जायचा अधिकार, आणि तो बाहेर असेपर्यंत दोन्हीकडची यंत्रं दुसरा गोळा देतच नसत. समोरासमोर टक्कर टाळण्याची यापेक्षा सोपी आणि पक्की युक्ती मी पाहिली नाही. नंतर रंगीत दिव्यांचे सिग्नल आणि पॅनल आले, काम हलकं झालं.

1992 मध्ये रेल्वेने सगळीकडे एकच गेज करण्याचं धोरण घेतलं आणि त्या दशकात मिरज–लोंढा–हुबळी मार्ग ब्रॉडगेज झाला. तेव्हा पहिल्यांदा बेळगावचा माणूस आपल्या स्टेशनावर बसून थेट मुंबईला, थेट दिल्लीला उतरू लागला. माझ्या मते बेळगावच्या रेल्वेच्या इतिहासात 1887 नंतरची सर्वांत मोठी घटना हीच.

लोंढ्याला वेगळा परिच्छेद दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. खानापूर तालुक्यातलं हे जंगलातलं गाव रेल्वेमुळेच नावारूपाला आलं. मिरज, हुबळी आणि गोवा, तीन दिशांच्या गाड्या इथे भेटायच्या. पुढे तिनईघाट आणि कॅसलरॉक. गोवा पोर्तुगीजांकडे असताना कॅसलरॉकला आपल्या कस्टमची झडती आणि घाट उतरल्यावर कुळेला त्यांच्या कस्टमची. 1955 मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली तेव्हा ही वाहतूक तुटली, ती डिसेंबर 1961 च्या मुक्तीनंतरच पुन्हा जुळली. मधल्या वर्षांत घाटाच्या दोन बाजूंना नातेवाईक असलेल्या किती तरी घरांचं जाणं-येणं बंद पडलं. नंतर लोंढ्याचे दिवस फिरले. मुंबईहून रेल्वेने गोव्याला जायचं म्हणजे मिरज-लोंढा हाच मार्ग होता. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबई–गोवा प्रवासी तिकडे वळला. लोंढा आता दिल्ली-पुणे बाजूच्या आणि हुबळी-बंगळूरकडच्या गाड्यांवर उभं आहे.

कॅसलरॉक ते कुळे हा घाट अजून तितकाच कठीण आहे. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, आणि खाली जाणाऱ्या गाडीचे ब्रेक कॅसलरॉकला तपासल्याशिवाय ती सोडत नाहीत. त्यामुळे कॅसलरॉकला गाडी उभी राहिली म्हणून चिडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी पडून हा भाग बंद होऊ शकतो. पावसाळ्यात गोव्याकडून येणारी गाडी पकडायची असेल तर निघण्याआधी ती कुठे आहे ते पाहूनच घर सोडा. घाटात दुसरी लाइन टाकायचा प्रकल्प होता, पण तो अभयारण्यातून जात असल्याने 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. मला तो निर्णय योग्य वाटतो. दूधसागरच्या जंगलाला आणखी एक चर सोसणार नाही.

मालकी किती वेळा बदलली ते पटकन सांगतो. 1908 मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, 1944 मध्ये सरकारी ताबा, 1951 मध्ये दक्षिण रेल्वे, 1966 मध्ये दक्षिण मध्य, आणि 1 एप्रिल 2003 पासून हुबळीत मुख्यालय असलेली दक्षिण पश्चिम रेल्वे. बेळगाव आणि लोंढा हुबळी विभागात. मिरज मात्र मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. प्रवाशाला याचा फरक एवढाच की मुंबई-पुण्याकडे नवी गाडी हवी असेल तर दोन झोनांची संमती लागते, आणि ती मिळवताना वर्षं जातात.

आताच्या स्टेशनाकडे येऊ. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, त्यामुळे तिकिटाच्या ॲपमध्ये तेच शोधा. स्टेशनचा कोड मात्र जुनाच, बीजीएम. सुमारे 190 कोटी रुपये खर्चून बांधलेल्या नव्या इमारतीचं उद्घाटन 27 फेब्रुवारी 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याच दिवशी लोंढा–बेळगाव–घटप्रभा दुहेरी लाइनही देशाला अर्पण झाली, खर्च सुमारे 930 कोटी. लोकांचं कौतुक इमारतीकडे गेलं. माझ्यासारख्याला आनंद झाला तो दुसऱ्या लाइनचा. एकेरी लाइन असताना समोरची गाडी येईपर्यंत सुळेभावीला किंवा गुंजीला वीस-वीस मिनिटं उभं राहणं हे ठरलेलं होतं. लाइन विजेचीही झाली आहे, डिझेल इंजिन आता क्वचित दिसतं.

शहराने रेल्वेला कसं सामावून घेतलं तेही पाहण्यासारखं आहे. टिळकवाडीत पत्ता सांगताना आजही पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असंच सांगतात. रुळांना लागून जाणारा रस्ता काँग्रेस रोड, कारण 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन याच भागात भरलं. खानापूर रोडवरचा ब्रिटिशकालीन पूल पाडून गोगटे सर्कलजवळ नवा झाला, कपिलेश्वरजवळ पूल झाला, तिसऱ्या गेटावरही झाला. तरी पहिल्या आणि दुसऱ्या गेटापाशी गर्दीच्या वेळी वाहनांची रांग लागली तर तुमची गाडी चुकू शकते. शिनोळीकडून येताना शहराच्या मधून न घुसता कॅम्पातून स्टेशन गाठा. लष्करी छावणी आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र जवळ असल्याने सुट्टीवर निघालेले जवान इथे कायम दिसतात, आणि भरती किंवा मोठी सुट्टी असली की जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

आता तिकिटाचं, जे तुम्हाला खरं तर सगळ्यांत आधी हवं असेल. मधलं स्टेशन म्हणजे काय ते इथे भोवतं. गाडीतल्या बहुतेक जागा ती जिथून निघते तिथल्या जनरल कोट्यात असतात. मधल्या स्टेशनांना पूल्ड किंवा रिमोट असा छोटा वाटा. म्हणून वेटिंगचं तिकीट निघालं की नुसता आकडा पाहू नका, आकड्याआधीची अक्षरं पाहा. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे जनरल कोट्याचं, असेल तर वीस-पंचवीस वेटिंगही सुटू शकतं. पीक्यूडब्ल्यूएल (पूल्ड) किंवा आरएलडब्ल्यूएल (रिमोट) असेल तर दहा-बारासुद्धा अडकू शकतं, कारण त्या छोट्या वाट्यातलं कुणी रद्द केलं तरच तुमचा नंबर पुढे सरकतो. काउंटरवर "फक्त आठ वेटिंग आहे, होईल" असं ऐकून वृद्ध माणसं घेऊन आलेली कुटुंबं मी प्लॅटफॉर्मवर रडकुंडीला आलेली पाहिली आहेत.

यावर दोन उपाय. एक, जी गाडी बेळगावहूनच निघते ती आधी धरा. बंगळूरसाठी रात्रीची बेळगाव–बंगळूर सुपरफास्ट आहे. सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना 2019 मध्ये ती सुरू झाली, आणि माझ्या मते बेळगावकरांसाठी त्यांनी केलेलं ते सगळ्यांत उपयोगी काम. ऑगस्ट 2025 पासून बंगळूरची वंदे भारतही बेळगावहून पहाटे निघते आणि दुपारी पोहोचते. दोन, लांबच्या गाडीचं तिकीट ती जिथून निघते तिथून काढा आणि चढण्याचं ठिकाण बेळगाव द्या. थोडे पैसे जास्त जातात, पण जनरल कोटा मिळतो. बोर्डिंग बदलायचं ते वेळेत, आधीच बदला, आणि एकदा बदललं की मूळ स्टेशनावर चढण्याचा हक्क जातो हे ध्यानात ठेवा.

आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. गणपती, दिवाळी, मे महिना यांसाठी साठावा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तत्काळ म्हणजे आदल्या दिवशी, एसीला सकाळी 10 आणि स्लीपरला 11 वाजता. "आदला दिवस" धरायचा तो गाडी मूळ स्टेशनाहून निघण्याच्या तारखेपासून. घरबसल्या तत्काळ काढायचं तर आता खात्याला आधार जोडलेलं लागतं. ज्येष्ठांची भाडेसवलत 2020 च्या मार्चपासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे: पुरुष 60 च्या वर, स्त्री 45 च्या वर, आणि एका तिकिटावर फक्त एक किंवा दोनच प्रवासी. इथेच बहुतेक मुलं चुकतात. आई-वडिलांबरोबर स्वतःचं नावही त्याच तिकिटावर घालतात आणि कोटा गमावतात. आई-वडिलांचं दोघांचं वेगळं तिकीट काढा, तुमचं वेगळं.

गाड्यांची पूर्ण यादी देत नाही, वेळा बदलतात. निघण्याआधी 139 वर विचारा. मोजक्या सांगतो. मुंबईला हुबळी–दादर एक्सप्रेस रात्रभराची, रोजची. शिवाय काही दिवशी चालुक्य आणि शरावती, दोन्ही दादरपर्यंत. दिल्लीला रोजची गोवा एक्सप्रेस, पुणे-मनमाडमार्गे. तिरुपतीला कोल्हापूरहून येणारी हरिप्रिया; आई-वडिलांच्या मनात बालाजीचं दर्शन असेल तर दुसरा विचारच नको. बंगळूरला सांगलीहून येणारी राणी चन्नम्माही आहे. गावोगावच्या लोकांना मिरज–कॅसलरॉकसारख्या थांबत जाणाऱ्या गाड्या. खानापूरची कॉलेजची पोरं आणि रायबाग-कुडचीकडचे रुग्ण यांची खरी रेल्वे तीच, आणि तिच्या वेळा जपल्या पाहिजेत असं मी प्रत्येक बैठकीत बोलत आलो. मोठ्या गाड्यांना वाट देण्यासाठी हिला बाजूला उभं करणं मला कधीच पटलं नाही. वेळेवर पोहोचणारा रोजंदारीचा माणूस हाही प्रवासीच आहे.

पुढचं एक काम लक्षात ठेवा. बेळगाव–कित्तूर–धारवाड ही नवी लाइन मंजूर आहे. आज धारवाडला लोंढ्यावरून जवळजवळ 121 किलोमीटर पडतं, नव्या मार्गाने सुमारे 73. बंगळूरचा प्रवास चांगलाच कमी होईल. पण वाटेतल्या गावांत सुपीक जमीन जाणार म्हणून शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि तो समजून न घेता केलेली घाई महाग पडेल. आणखी एक: ती लाइन झाली की बंगळूरच्या काही गाड्या खानापूर-लोंढा टाळून जातील. खानापूरकरांनी आपल्या थांब्यांसाठी आतापासूनच बोलायला हवं. कुडचीपासून बागलकोटला जाणारी लाइनही टप्प्याटप्प्याने होते आहे; ती पुरी झाली की कुडची जंक्शन होईल.

आता तुमच्या घरापुरतं. पुण्याला न्यायचं असेल तर हुबळी–पुणे वंदे भारत: सकाळी बेळगावला, दुपारी पुण्यात. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा ती आठवड्यातून तीनच दिवस होती, म्हणून वार पाहून ठरवा. सगळ्या खुर्च्या आहेत, झोपायची सोय नाही. वडिलांना सहा-सात तास बसवत नसेल तर रात्रीच्या गाडीचा खालचा बर्थच घ्या. मुंबईला हुबळी–दादर. तिचं तिकीट हाती लागत नसेल तर कोल्हापूरहून मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस पाहा. कोल्हापूरला गाडी सुरूच होते, त्यामुळे जनरल कोटा पूर्ण मिळतो आणि गाडी निघण्याच्या बऱ्याच आधी फलाटाला लागलेली असते, म्हाताऱ्या माणसांना निवांत चढता येतं. बेळगावला गाडी काही मिनिटंच थांबते. डब्याची जागा फलकावर पाहून सामानासकट आधीच तिथे जाऊन बसा, जिना टाळून लिफ्ट वापरा, आणि व्हीलचेअर हवी असेल तर गाडी येण्याच्या तासभर आधी स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जाऊन सांगा. आणि बंगळूरच्या पहाटेच्या वंदे भारतसाठी चंदगडहून अंधारात घाईने निघू नका, आदल्या संध्याकाळीच बेळगावात मुक्कामाला या.